रोलरपलीकडचा हुंकार

माझे जावई चारचौघांत सांगत फिरतात की सासूबाईंना भास होतात.

हसत सांगतात. हातात चहाचा कप, चेहऱ्यावर काळजी. "वय झालं हो त्यांचं," म्हणतात. आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतात, "आई, गोळी घेतली का?"

गोळी मला रक्तदाबाची आहे. डोक्याची नाही.

म्हणून हे लिहायला बसले. शाळा मी फार बघितली नाही, पण ही लाँड्री मी उभी केली आणि माझे कान अजून शाबूत आहेत. जे झालं ते खरं आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं, मी कुणाची मनधरणी करणार नाही.

आणि रात्र नव्हती. असल्या गोष्टी म्हटल्या की लोक अंधार शोधतात. भर दुपार होती. हॉलमधल्या सगळ्या ट्यूबलाइट चालू होत्या. जेवणाची सुट्टी नुकतीच संपत आली होती.

तुम्हाला आधी जागा कळली पाहिजे.

आमची लाँड्री हॉटेलांच्या चादरी धुते. रस्त्याच्या बाजूला काउंटर, मागे लांबलचक हॉल. एका भिंतीला धुलाईची मशीनं, ती आमचे मामा बघतात. नात्याने ते कुणाचेच मामा नाहीत, पण सगळे मामाच म्हणतात. दुसऱ्या टोकाला कपडे ठेवायची खोली. आणि हॉलच्या मधोमध इस्त्रीचा रोलर.

रोलर म्हणजे माणूस आडवा पडेल त्याहून लांब लोखंडी नळकांडं. आतून तापवलेलं. अलीकडून ओलसर चादर सरकवायची, ती पलीकडून कडक होऊन निघते. अलीकडे एक माणूस, पलीकडे एक. मधे पत्र्याचं झाकण आणि वाफ. एकमेकांचं तोंड दिसत नाही.

म्हणून आमच्याकडे सगळं काम आवाजावर.

पलीकडच्याच्या हातात चादर आली की तो म्हणतो, "हं." मगच अलीकडचा पुढची चादर लावतो.

आणि चादर आत गोळा झाली तर अलीकडच्याने ओरडायचं, "हात!" म्हणजे मी आता आत हात घालणार. पलीकडच्याने पेडल दाबून रोलर थांबवायचा आणि म्हणायचं, "हं." मग हात घालायचा. थांबवायचं पेडल पलीकडेच होतं. रोलर फिरतोय की थांबलाय हे वाफेत डोळ्यांना कळत नाही, आणि धुलाईच्या घरघरीत कानांनाही नाही.

जाऊन बघत बसायचं नाही. बघेपर्यंत चादर करपते. हं आलं म्हणजे आलं. त्या एका हुंकारावर माझ्या माणसांनी वर्षानुवर्षं हात आत घातले आणि धडधाकट बाहेर काढले.

आता जावई.

आधी ते आमची गाडी चालवायचे. चादरी आणायच्या, पोचवायच्या. माणूस बोलायला गोड. पण सिग्नलला गाडी थांबली की यांची मान खाली. जेवताना घास हातात आणि डोळे मिटलेले. कुणी बोलायला लागलं की त्याच्या दुसऱ्या वाक्याला हे गेले. मी लेकीला म्हणायचे, तू नवरा केलास का उशी?

माझी लेक बेबी. चाळिशीला आली तरी बेबीच.

घोरणं असं की शेजारचे भिंत ठोकायचे. पण बेबीला घोरण्याची भीती नव्हती. ते थांबायचं, त्याची होती. मधेच सगळं बंद. छाती हलत नाही. ती अंथरुणात उठून बसायची, यांच्या नाकाशी बोट धरायची. मग एकदम गचका देऊन श्वास यायचा, पाण्यात बुडालेला माणूस वर यावा तसा. आणि पुन्हा घोरणं. हिची झोप गेली ती गेली.

एके दिवशी त्यांनी गाडी एका बंद दुकानाच्या शटरला नेऊन टेकवली. गाडी चेपली, शटर चेपलं, हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून शांत. लोकांना वाटलं गेले. जवळ जाऊन बघितलं तर घोरत होते.

मग तपासणी झाली. अंगभर वायरी लावून एक रात्र झोपवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, झोपेत यांचा श्वास अडतो. एकदा नाही, रात्रभर. दर वेळी मेंदू ढोसून उठवतो, यांना कळतही नाही. झोप अशी होतच नाही. ती सगळी दिवसा वसूल होते.

उपाय म्हणून नाकावर लावायचा मुखवटा दिला. त्याला नळी, नळीला हवेचं मशीन. रोज रात्री लावायचं. दिवसाची झोप हळूहळू उतरेल, घाई करायची नाही. दुपारी जेवल्यावर थोडा वेळ मुखवटा लावून पडायचं. आणि गाडी चालवणं बंद.

एवढं जावयांनी घरी येऊन सांगितलं.

मी म्हटलं, मग मोजणीच्या टेबलावर बसा. चादरी मोजा, डाग बघा. तर नाक मुरडलं. बसलं की मला झोप येते, म्हणाले, उभं राहिलं की येत नाही. रोलरवर द्या. बेबीनेही शब्द टाकला. चार बायकांत नवऱ्याला टेबलावर बसवलं तर त्याचा मान राहणार नाही, असं तिचं.

झालं. अलीकडे बेबी, पलीकडे जावई.

जागं राहायला त्यांनी काय केलं नाही ते विचारा. मानेवर बर्फ. बिनसाखरेची काळी कॉफी. च्युइंगगम. एक नंबर लहान बूट घालून बघितले, बोटं दुखत राहिली की डोळा लागत नाही म्हणे. बोटं सुजली आणि हे सुजल्या बोटांवर उभे राहून झोपले. मीही माझ्या परीने मदत केली. येता-जाता टोचून बोलायचे. मुखवटा ते रात्री झोपेत ओढून काढायचे, तो बेबी पुन्हा लावायची. असं चाललं होतं.

मग एका दुपारी मी पलीकडच्या बाजूला उशांचे अभ्रे मोजत होते.

जावई रोलरसमोर उभे. हनुवटी छातीवर. उभ्या उभ्या घोरत होते. मी अभ्र्याचा बोळा केला, म्हटलं आता मारते फेकून. तेवढ्यात घोरणं थांबलं.

छाती हलेना.

मी तशीच थांबले. बेबी सांगायची ते आज डोळ्यांनी बघत होते.

आणि त्या गप्पपणात...

"हं."

स्पष्ट. जाडसर. कफ साचलेल्या गळ्याचा.

जावयांचे ओठ मिटलेले होते. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

अलीकडून बेबीने पुढची चादर लावली. आधीची चादर यांच्या हातात होती. हात कधी वर आले, मला दिसलं नाही.

मी बोळा मारला. ते गचका देऊन जागे झाले. मी विचारलं, झोपला होतात ना? नाही, म्हणाले. मग आत्ता हं कोण म्हणालं?

"मीच की, आई."

आणि हसले. तेव्हा मला वाटलं, चोरी पकडली म्हणून हसतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका हॉटेलच्या खोल्या बघणारी बाई चादरींचा गठ्ठा घेऊन स्वतः आली. काउंटरवर टाकला. म्हणाली, या धुतल्यात का कुणाच्या अंगाखालून ओढून आणल्यात? वास येतो.

माझ्या कामाला असं कुणी बोलत नाही. मी तिच्यासमोर गठ्ठा सोडला.

घडी आमची नव्हती.

आम्ही घडी घालताना काठ बाहेर ठेवतो. मोजायला सोपं पडतं. माझ्या लाँड्रीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. या घड्यांमध्ये काठ आत होता. प्रत्येक घडीत. आणि घडी इतकी नेमकी, की मलाही तशी जमणार नाही.

मी एक चादर उलगडली. मधोमध...

ओलसर गोल. तोंडाएवढा.

रोलरमधून निघालेली चादर पत्र्यासारखी कडक असते. तिच्यात ओल राहत नाही. मी नाक जवळ नेलं.

झोपून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो, तो वास होता.

दुसरी उलगडली. तोच गोल. तिसरी. तोच.

त्या बाईची मी पहिल्यांदा आणि शेवटची माफी मागितली. जावयांना विचारलं, तर म्हणाले, रोलरचं कापड झिजलंय, वाफ धरतं. कापड नवं घातलं. गोल तसेच राहिले. मग मी निघालेला प्रत्येक गठ्ठा स्वतः तपासून पुन्हा धुवायला टाकू लागले. मामा कुरकुरले. म्हणाले, ताई, या चादरींना आंघोळ जास्त झाली, आता सर्दी होईल. मी हसले नाही.

एक गोष्ट मात्र चांगली होत होती. मुखवटा आता रात्रभर टिकत होता. डॉक्टरीणबाईंनी मापाचा बदलून दिला होता. जावयांचा चेहरा उतरलेला असायचा तो भरला. दिवसा डुलक्या कमी झाल्या. दुपारचं तेवढं पडणं राहिलं, कपड्यांच्या खोलीत, ब्लँकेटांच्या थप्पीवर, मुखवटा लावून.

आता ती दुपार.

जेवणं उरकत आली होती. मामा मागच्या पायरीवर बसले होते. मी अभ्रे आणायला कपड्यांच्या खोलीत गेले.

जावई आडवे होते. मुखवटा नाकावर, पट्ट्या गच्च. मशीनची बारीक सूं सूं. छाती कशी संथ वर-खाली. इतक्या वर्षांत या माणसाला मी असं झोपलेलं बघितलं नव्हतं. म्हटलं, पडू दे अजून थोडं. मी काही राक्षसीण नाही.

अभ्रे उचलले. वळले.

आणि हॉलमधून आवाज आला...

"हं."

मी थांबले. मामा असतील, म्हटलं.

"हं."

एक चादर लावून दुसरी लावायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच अंतराने.

"हं."

मी मागे बघितलं. जावई तसेच. मशीन चालू. छाती वर, छाती खाली.

हॉलमध्ये आले तर बेबी चादरी लावत होती. कपाळावर घाम, पण चेहरा खुललेला. मी विचारलं, जेवलीस का? हो, म्हणाली. मी विचारलं, पलीकडे कोण आहे?

"हे की. मगाशीच आले. आज किती जागे आहेत बघ ना आई, एक हं चुकला नाही."

मी रोलरला वळसा घालून पलीकडे गेले.

कुणी नव्हतं.

टेबलावर घड्यांची थप्पी होती. काठ आत. वरच्या चादरीवर तळवा ठेवला. चटका बसला, इतकी ताजी. आणि तिच्यावर तो गोल...

माझ्यासमोर वाळत होता. कडेकडेने लहान होत होता. म्हणजे कुणीतरी आत्ता, मी यायच्या जरा आधी, त्यावर तोंड टेकवलं होतं.

मी तोंडावर काही दाखवलं नाही. तसं दाखवायची मला सवय नाही. बेबीला म्हटलं, काम थांबव. मी परत येईपर्यंत एकही चादर लावायची नाही. का, म्हणाली. मी म्हणते म्हणून, म्हटलं. तिने मान डोलावली.

मी कपड्यांच्या खोलीत परत गेले.

जावई उठून बसले होते. ब्लँकेटांवर. मुखवटा काढून हातात धरलेला. डोळे टक्क उघडे. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं,

"झाल्या का चादरी?"

माझ्या हातातले अभ्रे खाली पडले.

मी समोरच्या स्टुलावर बसले. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. ते नळी बोटाला गुंडाळत राहिले. मग खूप हळू, समजूत घातल्यासारखे म्हणाले, "तो उभा राहतो तर राहू द्या ना, आई. काम कुठे अडतंय?"

तो कोण, विचारलं. माहीत नाही, म्हणाले. मला झोप लागली की येतो. मी कधी बघितलाच नाही. पहिल्यांदा वाटलं आपणच झोपेत करतोय. मग एकदा इथे या खोलीत झोपलो होतो, उठून बघतो तर तिकडे घड्या तयार, तेव्हा कळलं. एवढं सगळं त्यांनी हवापाण्याच्या गप्पा मारतात तसं सांगितलं.

बेबीला हे माहीत आहे का, मी विचारलं.

तिला कशाला घाबरवायचं, म्हणाले.

मग म्हणाले, "आता माझी दिवसाची झोप कमी होत चाललीय ना. त्याला ते आवडत नाहीये. मी जागा झालो तरी जात नाही."

तुम्हाला कसं कळलं, असं मी विचारणार होते. विचारायचं राहिलं.

कारण हॉलमधून बेबीचा आवाज आला.

"हात!"

तिने नवी चादर लावली नव्हती. माझं ऐकलं होतं तिने. पण शेवटची आत गोळा झाली होती. करपू नये म्हणून ती काढायला गेली. पलीकडे नवरा आहे, या भरवशावर.

मी जावयांकडे बघितलं. ते माझ्याकडे नव्हते बघत. दाराकडे बघत होते. मान जराशी कलती. ऐकत असल्यासारखे.

पेडलवर कुणी नव्हतं. त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं.

आणि पलीकडून उत्तर आलं...

"हं."

हा आधीच्यांसारखा नव्हता. हा हसत म्हटलेला होता.

मी धावले. गुडघे दुखतात माझे, जिना चढताना थांबते मी. कशी धावले ते मला माहीत नाही. ओरडायचं होतं, पण आवाज फुटलाच नाही. मामा पायरीवरून आत येत होते, त्यांनी माझं तोंड बघितलं आणि हातातला डबा टाकून मेन स्विचकडे गेले.

बेबीचा उजवा हात मनगटापर्यंत झाकणाखाली होता.

मी तिच्या कमरेला मिठी घातली आणि मागे पडले. दोघी जमिनीवर आपटलो. वर रोलर घरघरत थांबला.

हात बाहेर आला होता. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. बोटं पाचही होती, एवढं पुरे. ती ओरडलीसुद्धा नाही. नुसती हाताकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून लहान मुलीसारखी म्हणाली, "ते हं म्हणाले होते गं."

मेन स्विच ओढला की सगळंच बंद होतं. धुलाईची मशीनं, पंखे, सगळं. त्या हॉलमध्ये कामाच्या वेळी अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत...

"हं."

झाकणापलीकडून.

चादर नव्हती. रोलर थांबलेला होता.

"हं."

तेवढ्याच अंतराने. घाई नाही. काम चालू असल्यासारखं.

"हं."

मामा स्विचवर हात ठेवून तसेच उभे होते. पांढरेफटक. मी बेबीचं डोकं छातीशी धरलं आणि तिचे कान दाबले.

मग एक लांब श्वास ऐकू आला. गचका देऊन घेतलेला, पाण्यातून वर आलेल्या माणसाचा.

त्यानंतर काही नाही.

मी मान वळवली. जावई आता कुठे खोलीच्या दारात आले होते. मुखवटा हातातच होता, नळी जमिनीवर लोळत होती. चालत आले होते. धावत नाही.

हात वाचला. बरेच महिने गेले त्यात. दोन बोटं पुरती मिटत नाहीत, बटण लावायला तिला माझी मदत लागते, पण हात आहे.

मी डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटले. दुसरं काही सांगितलं नाही, एवढंच विचारलं की झोपेचा आजार असलेल्या माणसाने गरम मशीनपाशी उभं राहावं का. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी तर पहिल्याच दिवशी बजावलं होतं, म्हणाल्या, गाडी आणि मशीन दोन्ही बंद म्हणून. अर्धं वाक्य जावयांनी घरी आणलं, अर्धं वाटेत गिळलं.

रोलरचं झाकण मी अर्धं कापून घेतलं. पेडल दोन्हीकडे बसवलं. आता दोन बायका काम करतात, एकमेकींची तोंडं बघत. हं म्हणायला मनाई आहे. पूर्ण बोलायचं, समोरचीला हाक मारून. नव्या येतात त्यांना हसू येतं. येऊ दे.

मामांना विचारलं तर म्हणतात, पाइपात हवा अडकली असेल, ताई. पण पलीकडच्या बाजूला ते एकटे जात नाहीत, हे मी बघितलंय.

जावई बरे झाले. खरंच बरे झाले, उगाच का खोटं बोलू. रात्री मुखवटा लावतात, सकाळी टवटवीत उठतात. दिवसा डोळ्याला डोळा लागत नाही. दुपारी पडावंही लागत नाही.

पण कपड्यांच्या खोलीत आता मी दुपारची जात नाही.

खोली रिकामी असते. जावई समोर टेबलावर बसून डाग बघत असतात, गप्पा मारत असतात. आणि दाराशी उभं राहिलं की आतून ऐकू येतं...

कुणीतरी झोपलेलं असतं.

संथ. पोटभर. इतक्या दिवसांची राहिलेली झोप काढावी तसं.

मी दार उघडलेलं नाही. उठवायची माझी हिंमत नाही. एवढं एकच मी आयुष्यात कबूल करते की हिंमत नाही.

जावयांनी मात्र आपली गोष्ट केव्हाच तयार केली. म्हणे, मी मुखवटा लावून झोपलो होतो. मला आवाज आलाच नाही. मी जागा झालो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सासूबाई घाबरल्या, त्यांनी काहीबाही ऐकलं, आणि आता त्यातच अडकल्यात. बेबीने हेच धरून ठेवलं. झोपलेल्या माणसाला दोष कसा द्यायचा, म्हणते. आणि मी गप्प राहिले. त्या खोलीत काय झालं ते तिला सांगितलं नाही. लेकीचा संसार मोडायला माझं एक वाक्य पुरलं असतं, ते मी इतके महिने दाताखाली धरलं.

काल दुपारी सगळे जेवायला बसले होते. मामा, त्या दोन बायका, बेबी, मी. जावयांनी चहा ओतला, आधी मला दिला. मग सगळ्यांसमोर विषय काढला. डॉक्टरीणबाईंनी आता मशीनवर काम करायला परवानगी दिली आहे. बेबीचा हातही चालतो. तर सोमवारपासून आम्ही दोघं पुन्हा रोलरवर उभे राहतो, जोडीने, पहिल्यासारखं. आईंनी तेवढे ते भास मनातून काढावेत. आणि हसले. बेबी माझ्याकडे आशेने बघत होती. तिने उजवा हात मांडीवर ओढणीखाली ठेवला होता, ठेवते तसा.

मी कप खाली ठेवला.

"जावईबापू," मी म्हटलं, "झोप हा तुमचा आजार होता. त्याचा राग मी कधी धरला नाही, आजार कुणी मागून घेत नाही. पण ती हात म्हणाली तेव्हा तुम्ही झोपला नव्हतात. माझ्यासमोर बसला होतात, मुखवटा हातात, डोळे उघडे. तुम्ही ऐकलंत, आणि जागचे हलला नाहीत. पलीकडे कोण उभं होतं ते मला सांगता येणार नाही. अलीकडे कोण बसलं होतं ते मी बघितलंय."